स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर वर्षभरानेही येऊ शकणारे त्रास: ते कसे ओळखायचे आणि त्यावर उपाय काय?

नंदुरबार जिल्ह्यात थंडी वाजून ताप आला की आधी मलेरियाची शंका घेतली जाते. बरेच दिवस शौचाला पातळ झाले की 'पाणी बाधले' म्हणतात. अंगात रक्त कमी निघाले की सिकलसेल आठवतो. डोळे पिवळे दिसले की अनेक घरांत आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. एरवी मलेरियाची किंवा सिकलसेलची शंका घेणे रास्तच आहे. पण ज्याचे स्वादुपिंडाचे ऑपरेशन झाले आहे, त्याच्या बाबतीत याच तक्रारींचे कारण वेगळे असू शकते. ऑपरेशनला दोन-तीन वर्षे उलटली असली, तरीही.

स्वादुपिंडाचे मोठे ऑपरेशन सहसा घरापासून लांब होते. नंदुरबारचे रुग्ण त्यासाठी सुरत, नाशिक किंवा मुंबईला जातात. टाके निघतात, रुग्ण गावी परततो. पुढचे त्रास मात्र गावात सुरू होतात आणि ते पहिल्यांदा पाहतात आशाताई, उपकेंद्रातील परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर. त्यांना ऑपरेशनची माहिती नसेल तर उपचार चुकीच्या दिशेने जाऊ शकतात. म्हणून हे त्रास कोणते, कशासारखे दिसतात आणि त्यावर काय करता येते, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवे.

स्वादुपिंड काय काम करते?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे असते. त्याची लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याची कामे दोन. पहिले, अन्न पचवणारा रस तयार करून लहान आतड्यात सोडणे. या रसात तेल-तूप, प्रथिने आणि पिष्ट पदार्थ पचवणारी विकरे म्हणजे एन्झाइम असतात. दुसरे, रक्तातील साखर सांभाळणे. साखर कमी करणारे इन्सुलिन आणि साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन ही दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडातच तयार होतात.

यकृताकडून येणारी पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, रक्तवाहिन्या त्याच्या शेपटीला चिकटून असतात. त्यामुळे स्वादुपिंडाचे ऑपरेशन क्वचितच एकट्या स्वादुपिंडाचे असते.

ऑपरेशनचे प्रकार कोणते?

उशिरा कोणता त्रास होऊ शकतो, हे कोणता भाग काढला यावर ठरते.

* व्हिपल ऑपरेशन: स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात. कधी जठराचा थोडा भागही काढावा लागतो. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला दिले जातात. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचे नाव पडले.
* शेपटीकडचा भाग काढणे: यात बऱ्याचदा प्लीहाही काढावी लागते.
* संपूर्ण स्वादुपिंड काढणे: हे क्वचित केले जाते. यानंतर इन्सुलिन आणि पाचक विकरे दोन्ही आयुष्यभर बाहेरून घ्यावी लागतात.
* नलिका उघडून आतड्याला जोडणे: स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन सतत दुखत असेल तर हे ऑपरेशन करतात. फ्रे ऑपरेशन हा त्यातला एक प्रकार.
* सडलेला भाग काढणे: तीव्र सुजेमुळे स्वादुपिंडाचा भाग मृत झाला आणि त्यात जंतुसंसर्ग झाला, तर तो काढावा लागतो.

ऑपरेशनची वेळ कॅन्सरमुळेच येते असे नाही. दारू आणि पित्ताचे खडे ही स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. तंबाखू आणि धूम्रपानामुळे दीर्घकाळची सूज वाढते. सिकलसेलच्या रुग्णांत लाल रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे त्यांना पित्ताचे खडे लहान वयातही होतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या भागांत हा जिल्हा मोडतो. त्यामुळे सिकलसेल आणि स्वादुपिंड हे दोन विषय इथे एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

'उशिरा' म्हणजे कधी?

जोड गळणे, जखमेत पू होणे, रक्तस्राव हे लवकरचे धोके असतात. ते बहुतेक रुग्णालयात असतानाच किंवा पहिल्या काही आठवड्यांत दिसतात. या लेखात आपण त्यानंतरचे, म्हणजे साधारण तीन महिन्यांपासून पुढे कधीही होऊ शकणारे त्रास पाहणार आहोत. प्रत्येकाला ते होतातच असे नाही. पण त्यातले बरेचसे वेळीच ओळखले तर आटोक्यात राहतात.

१. खाल्लेले अंगी लागत नाही

हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित त्रास आहे. पाचक रस कमी पडला की तेल-तूप न पचता बाहेर पडते. मळ फिकट, तेलकट आणि उग्र वासाचा होतो, पाण्यावर तरंगतो, भांड्याला चिकटतो. पोट फुगते, गॅस होतो. भूक चांगली असूनही वजन उतरत जाते.

गावात याला 'जुलाब' समजून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, अँटिबायोटिक किंवा जंताचे औषध दिले जाते. त्याने फरक पडत नाही, कारण इथे कमतरता विकरांची असते.

यावर उपाय म्हणजे विकरांच्या कॅप्सूल. त्या घेण्याची पद्धत चुकली तर महागडे औषधही वाया जाते.

* कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची. पहिल्या घासाबरोबर सुरुवात करायची. दोन असतील तर दुसरी अर्ध्या जेवणात. जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घेतलेली कॅप्सूल अन्नात मिसळत नाही.
* मोठ्यांमध्ये सुरुवातीचा डोस साधारणपणे मुख्य जेवणाला लायपेजची ४० ते ५० हजार युनिट आणि नाश्त्याला त्याच्या निम्मा असतो. पुढे डॉक्टर तो गरजेप्रमाणे वाढवतात. पाकिटावर युनिटचा आकडा लिहिलेला असतो, तो पाहा. '२५,०००' लिहिलेली एक कॅप्सूल पूर्ण जेवणाला अनेकांना पुरत नाही.
* कॅप्सूल चावायची नाही आणि गरम पदार्थात मिसळायची नाही.
* डोस पुरेसा असूनही फरक पडला नाही, तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडू शकतात. जास्त आम्लामुळे विकरे निकामी होतात.

ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार केलेली असतात. धर्माच्या किंवा खाण्यापिण्याच्या कारणाने अडचण वाटत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण औषध परस्पर बंद करू नका.

'पचत नाही म्हणून तेल-तूप पूर्ण बंद' हा सल्ला अनेक जण देतात. तसे केल्याने वजन आणखी घटते. विकरे पुरेशी मिळत असतील तर भाकरी, डाळ, अंडी, मासे आणि बेताचे तेल असा नेहमीचा आहार घेता येतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोपे जाते. तिखट खाल्ल्याने आतले जोड उसवत नाहीत. जळजळ होत असेल तर तेवढ्यापुरते कमी करावे.

जेवल्यानंतर लगेच घाम येणे, छाती धडधडणे, पोटात मुरडा येऊन शौचाला धावावे लागणे असे होत असेल, तर अन्न जठरातून फार वेगाने आतड्यात उतरत असल्याची शक्यता असते. अशा वेळी गोड पेये टाळावीत, जेवताना पाणी कमी प्यावे आणि थोडे थोडे खावे.

२. ऑपरेशननंतरचा मधुमेह

स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर इन्सुलिन कमी पडून मधुमेह होऊ शकतो. तो ऑपरेशननंतर लगेच दिसतो किंवा काही वर्षांनीही सुरू होतो. त्याला टाइप ३सी मधुमेह म्हणतात.

नेहमीच्या मधुमेहापेक्षा तो एका बाबतीत जास्त फसवा आहे. साखर फार खाली गेली की शरीर ग्लुकॅगॉन सोडून ती वर आणते. इथे ग्लुकॅगॉनही कमी झालेले असते. त्यामुळे इन्सुलिन घेऊन जेवण चुकले, उपाशीपोटी दारू घेतली किंवा दिवसभर अंगमेहनत केली, तर साखर अचानक घसरते आणि आपोआप सावरत नाही.

या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो लोक ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत व इतर भागांत जातात. गावी बसून असताना ठरवलेला इन्सुलिनचा डोस ऊसतोडीच्या दिवसांत जास्त होऊ शकतो. कामाला जाण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

थरथर, घाम, घाबरल्यासारखे होणे, बोलण्यात गोंधळ ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. काही वेळा बघणाऱ्यांना तो माणूस दारू प्यायलेला वाटतो. शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांनी साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्या माणसाने इन्सुलिन एक दिवसही बंद करायचे नसते. ताप आहे, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन सोडले तर जीवावर बेतू शकते. अशा वेळी डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना विचारावे.

फ्रिज नसेल तर इन्सुलिनची बाटली कोरड्या, बंद डबीत घालून ती डबी पाण्याच्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवता येते. बाटलीला पाणी लागू देऊ नका. उन्हाळ्यात नंदुरबारचा पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन खराब होते.

सिकलसेल असेल तर 'तीन महिन्यांची शुगर' फसवू शकते

मधुमेह किती आटोक्यात आहे हे पाहण्यासाठी एचबीए१सी ही तपासणी करतात. लाल रक्तपेशींना किती साखर चिकटली आहे, त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. परिणामी साखर जास्त असूनही अहवाल 'चांगला' येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत उलटे होते आणि आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही हा आकडा भरवशाचा राहत नाही. सिकलसेलचे फक्त वाहक असलेल्यांमध्येही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो.

म्हणून तपासणीआधी 'मला सिकलसेल आहे' किंवा 'मी वाहक आहे' हे सांगा. अशा रुग्णांमध्ये ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर घेतलेले आकडे वहीत लिहून ठेवणे जास्त उपयोगी पडते. फ्रुक्टोसामाइन नावाची वेगळी तपासणीही आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. त्यात तपासणी झाली असेल तर मिळालेले कार्ड ऑपरेशनच्या कागदांसोबत ठेवा.

३. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद

व्हिपल ऑपरेशनमध्ये पित्तनलिका आतड्याला जोडलेली असते. हा जोड काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी अरुंद होऊ शकतो. मग पित्त तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि संसर्ग रक्तात पसरतो. थंडी वाजून जोराचा ताप येतो. उजव्या बाजूला वर दुखते. डोळे पिवळे होतात. अंगाला खाज सुटते. लघवी गडद आणि मळ पांढुरका होतो. ही सगळी लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. पुन्हा पुन्हा येणारा थंडी-ताप एवढे एकच लक्षणही असू शकते.

मलेरियाची तपासणी जरूर करा, ती आशाताईंकडच्या किटवरही होते. पण ती निगेटिव्ह आली तर 'व्हायरल ताप' म्हणून घरी थांबू नका. पॉझिटिव्ह आली तरी डोळे पिवळे असल्यास रक्तातील बिलिरुबिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. पुढे सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एमआरआय केला जातो.

उपचार दोन टप्प्यांत होतात. आधी शिरेतून अँटिबायोटिक देऊन संसर्ग आटोक्यात आणायचा, मग तुंबलेल्या पित्ताला वाट करून द्यायची. तोंडातून दुर्बीण घालून केली जाणारी नेहमीची ईआरसीपी या रुग्णांत अवघड असते, कारण आतड्यांचा मार्गच बदललेला असतो. म्हणून बऱ्याचदा पोटाच्या बाहेरून यकृतात बारीक नळी घालून पित्त काढतात आणि अरुंद जोड फुग्याने रुंद करतात. काही केंद्रांत खास लांब दुर्बिणीने हे काम होते. त्यानेही भागले नाही तर जोड पुन्हा करावा लागतो. कॅन्सरचा रुग्ण असेल तर जोडापाशी गाठ परत आली आहे का, हेही तपासावे लागते.

अशी कावीळ झाडपाल्याने किंवा उतरवून जात नाही. त्यात गेलेले दिवस महागात पडतात.

४. प्लीहा काढली असेल तर प्रत्येक ताप गंभीर

प्लीहा रक्तातील काही घातक जंतू गाळून मारते. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत संपूर्ण शरीरात संसर्ग पसरवू शकतो. हा धोका ऑपरेशननंतर आयुष्यभर राहतो. सिकलसेल आजारात प्लीहा काढलेली नसली तरी ती हळूहळू निकामी होऊ शकते, म्हणून त्यांनाही हेच नियम लागू होतात.

* न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी घ्याव्या लागतात. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी. राहून गेल्या असतील तर ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी. वर्षे उलटली असली तरी घेता येतात.
* फ्लूची लस दरवर्षी घ्यावी.
* मलेरिया अशा माणसात जास्त गंभीर होतो. मच्छरदाणी वापरावी.
* कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीसोबतच अँटिबायोटिकबद्दलही विचारावे.
* तोरणमाळ, धडगाव, मोलगीसारख्या भागातून रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तापाच्या पहिल्या तासातच घ्यायचे अँटिबायोटिक घरात ठेवावे का, हे सर्जनकडून लिहून घ्या. ते घेतले तरी रुग्णालयात जायचेच.

५. काळा मळ आणि पोटातील दुखणी

जठर आणि आतडे यांच्या जोडापाशी अल्सर होऊ शकतो. मळ डांबरासारखा काळा होणे, रक्ताची उलटी, चक्कर ही त्याची धोक्याची चिन्हे आहेत. धूम्रपान आणि अंगदुखीच्या गोळ्या ही दोन मोठी कारणे. शेतातून आल्यावर दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेणे अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. या ऑपरेशननंतर डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये. उपचारात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, दुर्बिणीची तपासणी आणि एच. पायलोरी जंतू आढळल्यास त्यावरचा औषधोपचार असतो. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, म्हणून त्या सुरू असतील तर सांगा.

रक्ताच्या उलटीचे आणखी एक कारण म्हणजे यकृताकडे किंवा प्लीहेकडून जाणाऱ्या शिरेत गुठळी होणे. त्यामुळे जठराच्या शिरा फुगतात आणि फुटू शकतात.

पोटात कळा, उलट्या, पोट फुगणे, गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, असे झाले तर आतडी एकमेकांना चिकटून अडथळा झाल्याची शक्यता असते. ही तातडीची स्थिती आहे. टाक्यांच्या जागी खोकताना फुगवटा दिसत असेल तर तो हर्निया असतो. तो ठरवून दुरुस्त करता येतो. पण फुगवटा आत जाईनासा झाला आणि दुखू लागला तर थांबू नका.

जेवल्यावर पुन्हा पुन्हा पाठीत जाणारी कळ येत असेल तर स्वादुपिंडाचा जोड अरुंद झाल्याची किंवा उरलेल्या भागाला सूज आल्याची शंका घेतात. अशांनी दारू पूर्ण बंद करणे हा उपचाराचाच भाग आहे, मग ती मोहाची असो की बाटलीतली.

६. रक्त, हाडे आणि डोळे

लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि व्हिपलमध्ये नेमका तोच भाग काढलेला असतो. त्यामुळे रक्त कमी होते. सिकलसेल असलेल्या घरात हे चटकन लक्षात येत नाही. मात्र सिकलसेलमध्ये, विशेषतः वारंवार रक्त चढवले असेल तर, शरीरात लोह आधीच जास्त असू शकते. म्हणून फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

तेल-तूप न पचल्याने अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे कमी पडतात. रात्री कमी दिसणे, हाडे दुखणे किंवा सहज मोडणे, जखमेतून रक्त न थांबणे ही त्याची लक्षणे. ब१२ आणि झिंकही कमी होऊ शकते. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली तर ती जास्त खाण्यामुळेच आहे असे नाही. विकरांच्या कमतरतेनेही तसे होते.

७. कॅन्सर परत आला आहे का?

ऑपरेशन कॅन्सरसाठी झाले असेल तर ही भीती मनात राहतेच. २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कॅन्सरने निधन झाले, तेव्हा अनेक घरांत या आजाराचे नाव पहिल्यांदा ऐकले गेले. तो परत येण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. गाठीचा प्रकार वेगळा असेल तर उशिराही येतो. स्टीव्ह जॉब्स यांना संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचा, तुलनेने संथ वाढणारा कॅन्सर होता. त्यांचे ऑपरेशन २००४ मध्ये झाले, यकृताचे प्रत्यारोपण २००९ मध्ये करावे लागले आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

विकरे नीट घेऊनही वजन घटणे, पाठीत सतत दुखणे, नव्याने कावीळ होणे, पोटात पाणी होणे ही लक्षणे असतील तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. रक्तातील सीए १९-९ या आकड्यावरून एकट्याने निष्कर्ष काढू नका. पित्त तुंबले तरी तो वाढतो आणि काही लोकांत कॅन्सर असूनही तो वाढत नाही.

तपासणीला किती वेळा जायचे?

कॅन्सरच्या रुग्णांना साधारणपणे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर सहा ते बारा महिन्यांनी बोलावतात. इतर रुग्णांचे अंतर सर्जन ठरवतात. पण दर वेळी लांब जायची गरज नसते. वजन, साखर, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन यांच्या तपासण्या जवळच्या सरकारी रुग्णालयात होऊ शकतात. नंदुरबारमध्ये जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. 'कोणत्या तपासण्या गावाजवळ करू आणि कोणता आकडा आला तर तुमच्याकडे येऊ?' हा प्रश्न ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून उत्तर कागदावर लिहून घ्या. ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो.

घरी करण्याजोगी सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे वजन. महिन्यातून एकदा करा आणि लिहून ठेवा. सलग दोन महिने घटले तर दाखवा.

खर्चाचे काय?

पुन्हा भरती व्हावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते योजनेतील आजारांसाठी आणि संलग्न रुग्णालयांतच मिळते. मदत क्रमांक १५५३८८. सुरतला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आयुष्मान भारतचे कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. भरती होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचे?

* थंडी वाजून ताप, किंवा तापासोबत डोळे पिवळे
* प्लीहा काढलेल्या माणसाला कोणताही ताप
* रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा मळ
* पोट फुगून उलट्या, शौच आणि गॅस बंद
* साखर घसरून गोंधळ, बेशुद्धी
* इन्सुलिन घेणाऱ्याला सतत उलट्या

फोनमध्ये ठेवायची माहिती

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. घरी बोली पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी असते. त्यामुळे कागद असूनही आत काय लिहिले आहे हे घरात कोणालाच माहीत नसते. पुढील ओळी डॉक्टरांकडून भरून घ्या, फोटो काढा, घरातील दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि कोणत्याही आजारासाठी कोणाकडेही गेलात तरी आधी दाखवा.

* माझे स्वादुपिंडाचे ऑपरेशन झाले आहे. तारीख आणि रुग्णालय:
* ऑपरेशनचे नाव आणि काढलेले भाग:
* ऑपरेशनचे कारण आणि गाठीचा अहवाल:
* पित्तनलिका आतड्याला जोडली आहे का: होय / नाही
* प्लीहा आहे का: होय / नाही. घेतलेल्या लसी:
* मधुमेह, इन्सुलिनचा डोस:
* विकरांची कॅप्सूल, युनिट:
* सिकलसेल: नाही / वाहक / आजार
* सर्जनचा किंवा विभागाचा फोन:

ही माहिती समोर असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर थंडी-तापात मलेरियासोबत बिलिरुबिनही तपासतील, आणि रुग्णाला पुढे कुठे पाठवायचे हे त्याच दिवशी ठरेल.